काचेच्या पेल्यातलं दही

आमच्या घरात कुणावर पटकन विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. गवळ्याचं दूध आलं की त्यात बोट बुडवून नखावर थेंब धरायचा. घाण्यावरचं तेल तळहातावर चोळून हुंगायचं. पाहुणा येऊन गेला की तो खरा कशासाठी आला होता, यावर संध्याकाळपर्यंत बोलणं चालायचं. आप्पांचं मंगळवार पेठेत भुसार मालाचं दुकान होतं. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली ज्वारी वर काढून बघण्यात त्यांचा जन्म गेला. पण आप्पांचा संशय पोत्यांपुरता. माणसांवर संशय घेण्याचं काम माझ्या आत्याकडे होतं आणि ते ती फार मन लावून करायची.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन भावाकडे आली ती कायमची. माझी आई वारली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. तेव्हापासून चूल, कोठी, किल्ल्या आणि मी, हे सगळं आत्याच्या कमरेला होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज असा की गल्लीच्या टोकाला खेळत असले तरी मला घाम फुटायचा. सुईत दोरा मी ओवायचा, पंचांग मी वाचायचं, दारात कोण उभं आहे ते मी सांगायचं. हे सगळं आपल्याला लाडानं करायला लावतात असं मला वाटे आणि मी फुगून जायची.

दोन वर्षांनी आप्पांनी दुसरं लग्न केलं. नवी बायको अक्कलकोटच्या पलीकडची, मळेवाल्यांची मुलगी. आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं, पण तिची मराठी अडखळत यायची. तिला अव्वा म्हणायचं असं ठरलं. कानडीत आईला म्हणतात ते. मी म्हणायला लागले, कारण तो शब्द मला आईचा वाटत नव्हता.

ती आली त्याच आठवड्यात आत्यानं मला कोठीत नेलं, दार लोटलं आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "तुझं डोळं चांगलं हायत. हिच्यावर ठेव. काय करती, काय ठेवती, कुटं बघती, सगळं मला येऊन सांगायचं."

"कशापायी?"

"तिकडच्या बायका लई वस्ताद असत्यात. काय काय घालत्यात खाण्यात. माणूस मुठीत येतो आन् घर जातं."

मला ते फार पटलं. मुळात मला अव्वाचा रागच होता, आणि रागाला कारण मिळालं की किती बरं वाटतं! मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला.

पहिल्या महिन्यात माझ्या हाती बरंच लागलं. तिच्या पदराच्या टोकाला कायम एक गाठ असायची. ती झोपली असताना मी ती चाचपली, आत काहीतरी टणक दाणे होते. आत्याला सांगितलं. आत्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत पदर सोडायला लावला, तर निघाल्या वेलच्या. प्रवासात मळमळतं म्हणून आईनं बांधून दिल्या होत्या, आणि ही अजून जपून ठेवत होती. आत्या म्हणाली, "आज वेलच्या हायत." त्या 'आज'वर तिनं असा जोर दिला की मला परत गाठ तपासायला हुरूप आला. अव्वा मला काही बोलली नाही. एकदा मात्र डाळिंब सोलताना तिनं मूठभर दाणे माझ्या ओंजळीत टाकले. ही लाच आहे हे मी तिथल्या तिथं ओळखलं. दाणे खाल्ले आणि जाऊन आत्याला सांगितलं.

ती आली त्याच वर्षी, पावसाळ्याच्या शेवटी, आप्पांना विषमज्वर झाला. त्यातून उठले, पण पोट गेलं ते गेलंच. भाकरी पचेना, भाताची पेज बघून तोंड फिरवायचे. चांगला उंचापुरा माणूस अंगरख्यात शोधावा लागायला लागला. बाजारातल्या डॉक्टरांनी सांगितलं की ताजं दही द्या, फळं द्या, थोड्या लाह्या द्या, आणि तिखट, तेल बंद.

दही ऐकून आत्यानं मान डोलावली. फळं ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. पण अव्वाचा चेहरा उजळला. हे तिचं काम होतं. तिच्या माहेरी मळ्यात डाळिंबं, पेरू, पपया, केळी, दोन अंजिराची झाडं. आणि गुरं. तिथं पोट बिघडलेल्या माणसाला दह्यात फळं घालून देण्याची रीतच होती. तिनं पहिल्या दिवशी वाडग्यात दही फेटलं, केळं चिरून घातलं, डाळिंबाचे दाणे, वरून मध. आप्पांपुढं नेणार तोच आत्या आडवी आली.

"दह्यात फळ? पोटात विष व्हतं त्याचं."

आप्पा खाटेवरून म्हणाले, "अक्का, शिकरण खातोच की आपण."

"शिकरण दुधाचं असतंय. आन् ह्यात काय काय कालवलंय कुणाला दिसतंय? सगळं एक झालंय."

वाडगं परत गेलं. अव्वा चुलीपाशी बराच वेळ नुसती बसून होती. मी दाराआडून बघत होते, रडते की काय म्हणून. रडली नाही. उठली आणि फडताळावरचे काचेचे पेले काढून धुवायला घेतले. लग्नात कुणीतरी दिलेले, सोड्याच्या दुकानात असतात तसले जाड बुडाचे पेले. कुणी वापरत नसे.

दुसऱ्या दिवशी तिनं दही आधी धोतराच्या स्वच्छ फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. पाणी निथळून चक्क्यासारखं पण त्याहून मऊ झालं की काढून पळीनं फेटलं. पेल्याच्या तळाशी केळ्याच्या चकत्या काचेला टेकवून उभ्या लावल्या. त्यावर दह्याचा पांढरा थर. मग डाळिंब. पुन्हा दही. मग पेरूचा गर, बिया काढून कुस्करलेला. पुन्हा दही. आणि अगदी शेवटी, आप्पांच्या हातात पेला द्यायच्या क्षणी, वरून मूठभर ज्वारीच्या ताज्या लाह्या आणि मधाची धार. लाह्या आधी घातल्या तर लोळागोळा होतो, म्हणून शेवटी.

पेला तिनं आधी आत्यापुढं धरला. "बघा अक्का. सगळं दिसतंय."

आत्यानं पेला हातात घेतला, उंबऱ्यापाशी उजेडात नेला, डोळ्यांजवळ धरून फिरवला, नाकाशी नेला, पुन्हा फिरवला. मग मला म्हणाली, "काय काय हाय सांग."

मी खालपासून वरपर्यंत सगळे थर सांगितले. आत्याला काही खोट काढता येईना. आप्पांनी पेला चमच्यानं खरवडून खाल्ला आणि लाह्या कुरकुरल्या तेव्हा लहान मुलासारखे हसले. आजारानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला.

आत्या हार मानणारी नव्हती. दिसतंय ते ठीक, पण दही कुठून येतं? रात्रभर झाकून असतं. विरजण लावताना ती पुटपुटते काय? मी जवळ जाऊन ऐकलं, ती 'शिवा शिवा' म्हणत होती. आमच्या घरात जांभई आली तरी 'शिवा शिवा' म्हणायचे, पण तिनं म्हटल्यावर आत्याचे कान टवकारले. शेवटी तिनं फर्मान काढलं. दही आजवर मातीच्या गाडग्यात लागायचं. आता आप्पांचं दही पितळी तपेल्यात लावायचं. मातीला एखाद्या मुळीचा रस लागला तर आत मुरतो, निघत नाही. पितळ कसं, घासलं की निघालं.

"आन् तपेलं मी घासणार. दूध मी वतणार. तू फक्त माज्यासमोर विरजण घालायचं. सकाळी दही मी काढून देणार फडक्यात. तपेल्याला हात लावायचा न्हाय."

अव्वानं मान डोलावली. याशिवाय ती काय करणार होती?

तपेलं नव्यासारखं होतं. दिवाळीला कल्हईवाल्याकडून आणलेलं, आतून चांदीसारखं पांढरं. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा तो पातळ लेप असतो म्हणून त्यात ताक, दही, आंबटचिंबट ठेवता येतं. एरवी अशी भांडी आतून हलक्या हातानं, नुसत्या मऊ राखेनं पुसून घेतात. आत्याला हे काय माहीत नव्हतं? तिनं मला सांगितलं असेल शंभरदा. पण आता तपेल्यात दही नव्हतं, करणी होती. रोज सकाळी अंगणात बसून ती चिंचेचा कोळ, मीठ आणि चाळलेली राख घेऊन आतून असं घासायची की बांगडी नसलेला तिचा हात कोपरापर्यंत लाल व्हायचा. काथ्याच्या चोथ्याचा खर्रखर्र आवाज माझ्या कानात अजून आहे. घासून झालं की आतून बोटं फिरवायची. गुळगुळीत लागलं पाहिजे. मग मला विचारायची, "चकाकतंय का गं?"

"व्हय आत्या. लई चकाकतंय."

काही दिवसांनी ते आणखीच चकाकायला लागलं. मी सांगितलं, "आता तर सोन्यावानी दिसतंय." आत्या खूश झाली. मीही खूश झाले. भांडं आतून पांढरं असायला हवं, सोन्यासारखं नव्हे, हे मला कुठलं कळायला! तिनं विचारलं ते मी सांगितलं.

संक्रांत झाली. गड्ड्याच्या जत्रेतून मला लाकडी बाहुली आली. आप्पा थोडे भरले होते, दुकानात जाऊन बसायलाही लागले होते. आणि मग हळूहळू पुन्हा उतरायला लागले. पेला अर्धा ठेवायचे. एकदा म्हणाले, "तोंडात कसंतरी लागतंय. जीभ ओढल्यासारखी होतीय." अव्वा घाबरून म्हणाली की डाळिंबाच्या सालीचा पापुद्रा गेला असेल, तो तुरट असतो. दुसऱ्या दिवशी तिनं एकेक दाणा निवडून घातला. तरी तेच. मग डाळिंब बंद करून पपई घातली. तरी तेच. तिनं सांगून पाहिलं, "अक्का, मला तपेलं बघू द्या." आत्यानं तपेलं पदराखाली घेतलं.

मी तेव्हा रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करत असे. ती नेमकं घालते कधी? पेल्यात सगळं दिसतं. विरजण समोर. फडकं मी तपासलेलं. मध मी चाखलेला. लाह्या मी चोरून रोजच खात होते. कुठंच काही सापडत नव्हतं आणि त्यामुळं माझा संशय वाढतच चालला होता. इतकं स्वच्छ कोण वागतं?

आप्पा बार्शीच्या बाजाराला गेले. संध्याकाळी यायचे ते मुक्काम करून आले. त्यांच्यासाठी लावलेलं दही तपेल्यात तसंच राहिलं, चांगलं आंबट झालं. वाया कशाला घालवायचं म्हणून आत्यानं ते फडक्यात काढून दिलं, अव्वानं त्यात जास्त मध घालून पेला भरला. आप्पा दमून आले होते, त्यांनी तो घाईघाईनं संपवला.

जेमतेम पान खाऊन झालं असेल, त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. उलट्या थांबेनात. तोंडाचा रंग गेला, हात गार पडले. डॉक्टर येईपर्यंत मला वाटलं आता हेही गेले. आई गेली तेव्हा घरात असाच वास होता. मी जिन्याखाली बसून लाकडी बाहुलीचं डोकं दाताखाली धरलं होतं. दोन दिवसांनी उलट्या थांबल्या, पण आप्पांना कूस बदलायलाही दुसरं माणूस लागायला लागलं.

आत्या अव्वाला काही ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, तेच जास्त भयंकर होतं. "मी म्हणत व्हते. आता हिचा भाऊ बोलवा. जितं राहायचं असंल तर हिला धाडा. पुन्ना आणायची न्हाय."

आप्पांनी डोळे मिटूनच सांगितलं, "जाऊ दे चार दिवस."

'चार दिवस' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना कळत होतं. आमच्या गल्लीतच एक बाई अशी चार दिवसांसाठी माहेरी गेली होती, तिच्या मुलाची मुंज होऊन गेली तरी ती काही आली नाही. अव्वाला मूलही नव्हतं. एकदा पेटी गेली की तिचं या घरातलं सगळं संपणार होतं. ती परत तिच्या भावाच्या मळ्यात, भावजयीच्या हाताखाली, नवऱ्याला काहीतरी घातलेली बाई म्हणून राहणार होती.

भाऊ येईपर्यंत तिला स्वैपाकघरात पाऊल टाकायची बंदी झाली. ती मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसून असायची. आप्पांकडेही जायचं नाही. आत्यानं सगळं हातात घेतलं. तपेलं तिनं त्या दिवशी इतकं घासलं, इतकं घासलं की मलाच ओरडावंसं वाटलं. जे काही चिकटलं होतं ते मुळापासून जायला हवं होतं. मग तिनं स्वतः दूध तापवलं, बोट बुडवून पाहिलं, विरजण घातलं, झाकलं आणि तपेलं आपल्या उशापाशी घेऊन झोपली.

अव्वाचा भाऊ आला त्याच सकाळी आत्यानं आप्पांना ते दही दिलं. साधं दही. फळ नाही, मध नाही. पितळी वाटीत, स्वतःच्या हातानं.

अव्वाचे भाऊ, म्हणजे नात्यानं माझे मामा, ओसरीवर बसले होते. मान खाली. त्यांना काय सांगितलं गेलं होतं ते त्यांच्या मानेवरूनच कळत होतं. अव्वाची पेटी दारात आली होती. अव्वा वाकून त्यांच्या पायावरची धूळ झटकत होती की काय करत होती, तेवढ्यात आतून आप्पांची उबळ ऐकू आली.

आत्या वाटी हातात घेऊन उभी होती. आप्पा खाटेच्या कडेला ओणवे होऊन ओकत होते.

मी आधी आत्याकडे बघितलं, मग दाराकडे. अव्वा दारात होती. ती या दह्याच्या वाऱ्यालाही आली नव्हती, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं, कारण पहारा माझाच होता. इतके महिने ज्या बाजूला बघायचं ती बाजूच चुकली होती.

अव्वा स्वैपाकघरात शिरली. कुणी तिला अडवलं नाही. ती तपेलं घेऊन बाहेर आली, तळाशी थोडं दही उरलं होतं. तिनं ते अंगणातल्या उन्हात नेऊन ओतलं, आत बघितलं आणि कानडीत काहीतरी म्हणाली, मामा तिकडं धावले. मग तिनं तपेलं आप्पांच्या खाटेपाशी आणून तिरपं धरलं.

आत पांढरा ठिपकासुद्धा नव्हता. नुसतं पिवळं पितळ, आणि जिथवर दही असायचं तिथं काठाला हिरवट कडं.

"कल्हई गेलीय," अव्वा म्हणाली. "पितळ उतरून कळकलंय दही. रोजच."

आप्पांनी त्या हिरव्या कड्यावर बोट टेकवलं. मग विचारलं, "अक्का, हे तुला दिसलं नाही?"

आत्यानं तपेलं ओढून घेतलं, आत हात घातला, बोटं फिरवली. "काय न्हाय त्यात. गुळगुळीत हाय. सोन्यावानी हाय, ह्या पोरीला इचारा." आणि मग 'सोन्यावानी' हा शब्द तिच्या तोंडातच थांबला. तिला सगळं कळलं होतं. तिची बोटं तपेल्यातच राहिली.

आता सगळं मिटलं असं मला वाटलं. आप्पांनी मामांना सांगितलं, "पेटी आत घ्या." पण अव्वानं पेटीचं कडं सोडलं नाही.

"मी जाते," ती म्हणाली. तिच्या अडखळत्या मराठीत ते फार स्वच्छ ऐकू आलं. "तुम्ही म्हणालात जाऊ दे. मी ऐकलं. आता अक्का न्यायला आल्या तर येईन. नाही तर नाही."

गेली. मी दारात उभी राहून टांगा वळेपर्यंत बघितलं. मला रडायला आलं आणि आत्याला सांगायला काहीच नव्हतं.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. भांडी कल्हईला गेली, गाडगं परत आलं, आप्पा हळूहळू सावरले. पण आता ते जेवायला बसले की घास उचलण्याआधी ताट हुंगायचे. चोरून, मान जरा खाली करून. आत्या समोर बसलेली असायची. तिला ते दिसलं नसेल, पण ऐकू नक्की येत असणार, कारण त्या वेळी तिचा वारा घालणारा हात थांबायचा. ज्या घरात तिनं जन्मभर दुसऱ्यांचं हुंगलं, त्या घरात आता तिचं रांधलेलं हुंगत होते. मला आप्पांचा इतका राग कधीच आला नव्हता. तिनं ताटं वाढणं सोडलं. मग किल्ल्या मला दिल्या. मग एका सकाळी नऊवारी बदलून, विभूती लावून ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "गाडीचं इचारा. जायचं तिकडं."

आगगाडीनं अक्कलकोट रोडला उतरून पुढं बैलगाडी. आप्पा, मी आणि आत्या. वाटभर ती माझा दंड धरून होती, इतका घट्ट की बोटांचे वळ उठले. मळ्याशी गाडी थांबली. विहिरीपाशी डाळिंबाची बुटकी झाडं, त्यांच्या पलीकडं घर. अव्वाच्या आईनं कानडीत या या म्हणत घोंगडी अंथरली. मामा उठून उभे राहिले. अव्वा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आत्यापुढं ठेवला.

सगळे वाट बघत होते. आत्या काय बोलणार? ती कुणाची माफी मागेल यावर माझा तरी विश्वास नव्हता. मला वाटत होतं, पाणी पिऊन झालं की इथंही ती काहीतरी खुसपट काढील आणि आम्ही रिकाम्या हातानं परत जाऊ.

आत्यानं तांब्या घ्यायला हात पुढं केला. हात तांब्याच्या शेजारी घोंगडीवर पडला. तिनं तो जरा सरकवला, तरी तांब्या सापडेना. भर दुपार होती. अंगणात लख्ख ऊन होतं.

अव्वा खाली बसली. तिनं तांब्या उचलून आत्याच्या हातात दिला आणि हात तसाच धरून तिच्या डोळ्यांत बघितलं.

"अक्का," ती म्हणाली, "किती दिसतं?"

आत्याचा तो आवाज, ज्यानं मला गल्लीच्या टोकाला घाम फुटायचा, तो कुठं गेला होता कुणास ठाऊक. "उजेड दिसतोय," ती म्हणाली. "माणूस हाललं की कळतंय. बाकी न्हाय. तू येयाच्या आदीपासनं."

आप्पा जागच्या जागी बसले. "अक्का, सांगायचं नाही?"

"काय सांगू? घरात दुसरी बाई येणार. हातपाय धड असलेली. मग आंदळ्या बाईला कोण ठिवतंय?"

मला एकदम कळलं की तिनं मला इतकी वर्षं शेजारी का बसवलं होतं, आणि मी अव्वाच्या आईच्या घरात, सगळ्या परक्या माणसांपुढं, भोकाड पसरून रडायला लागले.

अव्वा रडली नाही. तिचा राग अजून होता, तो तिच्या तोंडावर दिसत होता आणि मला वाटतं तो असायलाच हवा होता. ती म्हणाली, "माझ्यावर एवढा आळ घेण्यापेक्षा हे सांगणं सोपं होतं की."

आत्यानं मान हलवली. "न्हाय गं," ती म्हणाली. "आळ घेणं सोपं व्हतं."

अव्वा उठली, आत गेली, पेटी ओढत बाहेर आणली आणि मामांना म्हणाली, "गाडी जुंपा. अक्कांना मधी बसवा. वाट खराब आहे, मी धरते."